विश्लेषण : दलदलीतून आलेल्या मिक्सटेपने समीक्षक आणि चाहते का विभागले?

लॉस एंजेलिस येथे २ फेब्रुवारी २०२५ रोजी झालेल्या ६७ व्या ग्रॅमी सोहळ्याच्या आपल्याकडच्या बातम्या मुख्यतः दोन होत्या. एक चंद्रिका टंडन यांच्या ‘त्रिवेणी’ला मिळालेल्या पुरस्काराची, दुसरी बियॉन्सेला अखेर मिळालेल्या ‘अल्बम ऑफ द इयर’ची. त्याच रात्री ‘बेस्ट रॅप अल्बम’ या गटात एमिनेम, जे. कोल, कॉमन-पीट रॉक ही जोडी आणि फ्यूचर-मेट्रो बूमिन ही दुसरी जोडी अशा मातब्बरांना मागे टाकून फ्लोरिडातल्या टॅम्पा शहराच्या २६ वर्षांच्या डोचीने पुरस्कार नेला. ज्या कामासाठी नेला त्याला ती स्वतः अल्बम म्हणतच नाही. ‘ॲलिगेटर बाइट्स नेव्हर हील’ ही तिच्या मते मिक्सटेप आहे. समीक्षकांनी या मिक्सटेपला डोक्यावर घेतले. चाहत्यांमध्ये मात्र ऑगस्टपासून जुंपली आहे आणि पुरस्काराने ती भांडणे मिटण्याऐवजी वाढली आहेत. हे भांडण एका गायिकेपुरते नाही. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या रॅपचे मोजमाप कोण करणार, हा जुना वाद त्याच्या मुळाशी आहे.

ही डोची कोण?

मूळ नाव जेला हिकमन, जन्म १९९८ चा, टॅम्पाचाच. तिथल्या कला शिकवणाऱ्या सरकारी हायस्कुलात ती शिकली. त्यानंतरची बरीच वर्षे यूट्यूबवर स्वतःचे बरेवाईट सगळे टाकत राहिली. ‘यकी ब्लकी फ्रूटकेक’ हे शाळकरी मुलीने वर्गात स्वतःची ओळख करून द्यावी अशा थाटाचे गाणे टिकटॉकवर पसरले आणि २०२२ मध्ये टॉप डॉग एंटरटेन्मेंट अर्थात टीडीई या कंपनीने तिला करारबद्ध केले. केंड्रिक लामार ज्या कंपनीत मोठा झाला तीच ही. स्त्री रॅपर घेण्याची या कंपनीची ही पहिली वेळ. पुढच्या वर्षी ‘व्हॉट इट इज’ हे गाणे बऱ्यापैकी चालले, पण त्यानंतर अपेक्षित उडी काही दिसली नाही. या काळातली कंपनीशी झालेली ओढाताण, नात्यातली फसवणूक, व्यसन हा सगळा ऐवज मिक्सटेपमध्ये आहे.

३० ऑगस्ट २०२४ रोजी ती आली. एकोणीस गाणी, पाऊण तासाच्या आसपास. पाहुणा कलाकार जवळपास नाहीच; एका गाण्यात एक. मुखपृष्ठावर डोची बसलेली आणि तिच्या मांडीवर पांढरी मगर. पहिल्या आठवड्यात बिलबोर्डच्या दोनशेच्या यादीत ती पार शंभराच्या पलीकडे होती. डिसेंबरमध्ये स्टीफन कोल्बेर यांच्या रात्रीच्या कार्यक्रमात तिने दोन नर्तकींच्या वेण्या आपल्या वेण्यांना जोडून एकत्र नृत्य केले, त्याच आठवड्यात ‘एनपीआर’च्या ‘टायनी डेस्क’ मैफलीत जिवंत वाद्यवृंदाबरोबर हीच गाणी नव्याने बांधून सादर केली आणि आकडे हलले. ग्रॅमीनंतर मिक्सटेप पहिल्या दहांत पोहोचली. म्हणजे समीक्षकांनी ऑगस्ट-सप्टेंबरात जे लिहिले ते बहुसंख्य श्रोत्यांपर्यंत पोहोचायला डिसेंबर-फेब्रुवारी उजाडला, आणि तोही लिखाणामुळे नव्हे, तर तिला गाताना-नाचताना पाहिल्यामुळे.

मिक्सटेप आणि अल्बम यांत फरक काय?

ज्यांची शाळा-कॉलेजची वर्षे ऐंशी-नव्वदच्या दशकात गेली त्यांना मिक्सटेप समजावून सांगण्याची गरज नाही. साठ किंवा नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट आणि वहीच्या पानावर लिहिलेली गाण्यांची यादी घेऊन कोपऱ्यावरच्या कॅसेटवाल्याकडे जायचे आणि चार दिवसांनी ‘भरलेली’ कॅसेट आणायची. कोणत्या गाण्यामागे कोणते यावे यात भरणाऱ्याचा स्वभाव दिसे. न्यूयॉर्कमध्ये सत्तरच्या दशकात पार्ट्यांमध्ये वाजवणाऱ्या डीजेंच्या कॅसेट अशाच हातोहात फिरत. त्यांना ना कंपनीचा शिक्का होता, ना परवानगी.

दक्षिणेने या प्रकाराचे जे केले ते वेगळे. ह्यूस्टनमध्ये डीजे स्क्रू या तरुणाने गाण्यांची गती मुद्दाम मंदावून, मध्येच शब्द तोडून-जोडून कॅसेट विकायला सुरुवात केली. सन २००० मध्ये त्याचा मृत्यू झाला तोवर ‘स्क्रू टेप’ हा त्या शहराचा आवाज होऊन बसला होता. अटलांटात डीजे ड्रामाच्या ‘गँगस्टा ग्रिल्झ’ मालिकेने पुढच्या दशकात हाच बाजार सीडीवर नेला. न्यू ऑर्लिन्सच्या लिल वेनने २००६ आणि २००७ मध्ये दुसऱ्यांच्या चालींवर स्वतःचे शब्द रचून एकामागून एक मिक्सटेप फुकट वाटल्या. त्यातल्या ‘डेडिकेशन २’ची दखल बड्या वृत्तपत्रांच्या समीक्षकांनाही घ्यावी लागली. ज्या मालाची विक्रीच होत नाही त्याचे परीक्षण छापणे ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. जानेवारी २००७ मध्ये तर पोलिसांनी अटलांटात डीजे ड्रामाच्या स्टुडिओवर छापा घालून हजारो सीडी उचलून नेल्या. त्यामागे ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेची तक्रार होती. याच कंपन्यांचे लोक आपापल्या कलाकारांच्या जाहिरातीसाठी या मिक्सटेपचा उपयोग करून घेत होते, हा भाग निराळा. पुढच्याच वर्षी लिल वेनच्या रीतसर अल्बमच्या पहिल्या आठवड्यात दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. फुकट वाटलेल्याची भरपाई सव्याज झाली.

आता कॅसेट नाही, सीडी नाही, आणि ‘स्ट्रीमिंग’वर मिक्सटेप व अल्बम शेजारी शेजारी एकाच भावाने मिळतात. मग शब्द उरला कशाला? एक तर अपेक्षा कमी ठेवायला. ‘माझा पहिला अल्बम अजून यायचा आहे’ असे म्हणण्याची सोय त्यात असते. दुसरे म्हणजे मोकळीक. एकसंध विषय, रेडिओवर वाजेल असे एखादे गाणे, नामवंत पाहुणे ही अल्बमची ओझी मिक्सटेपवर नसतात. डोचीने ही मोकळीक पुरेपूर वापरली. मिक्सटेप येण्यापूर्वीच्या आठवड्यांत ती ‘स्वॉम्प सेशन्स’ या नावाने थोड्या वेळात रचलेली गाणी थेट लोकांसमोर टाकत होती. त्या कच्च्या घाईचा वास अंतिम कामातही आहे.

पुरस्काराच्या दुसऱ्या दिवशी काही ठिकाणी ‘ग्रॅमी मिळवणारी पहिली मिक्सटेप’ असे मथळे झळकले. ते तितकेसे खरे नाहीत. शिकागोच्या चान्स द रॅपरची ‘कलरिंग बुक’ ही केवळ स्ट्रीमिंगवर आलेली मिक्सटेप २०१७ मध्ये हाच पुरस्कार घेऊन गेली होती. ग्रॅमीच्या नियमपुस्तकात मिक्सटेप असा गटच नसल्याने कोण स्वतःला काय म्हणवते याने तिथे फरक पडत नाही.

‘दक्षिण’ म्हणजे नक्की कोणती?

अमेरिकी रॅपच्या बोलीत ‘साऊथ’ म्हणजे अटलांटा, ह्यूस्टन, न्यू ऑर्लिन्स, मेम्फिस, मायामी. रॅपचा जन्म न्यूयॉर्कचा, नंतरची सत्ता लॉस एंजेलिसची. दक्षिणेकडे ही दोन्ही शहरे बराच काळ गावंढळ म्हणून पाहत. ऑगस्ट १९९५ मध्ये न्यूयॉर्कमधल्या ‘सोर्स’ पुरस्कार सोहळ्यात अटलांटाच्या आउटकास्ट या जोडीला नवोदितांचा पुरस्कार जाहीर झाला तेव्हा प्रेक्षागृहाने हुर्यो उडवली. जोडीतल्या आंद्रेने ध्वनिक्षेपकासमोर येऊन दक्षिणेलाही काही म्हणायचे आहे, एवढेच सुनावले. तीस वर्षांनी ते वाक्य तिथल्या रॅपचे घोषवाक्य झाले आहे.

त्यानंतर खप दक्षिणेकडे आला, पण मान आला असे म्हणता येत नाही. अटलांटाचा ‘क्रंक’, मग मोबाइलच्या रिंगटोनवर वाजणारी गाणी, मग ‘ट्रॅप’. प्रत्येक वेळी न्यूयॉर्कच्या जाणकारांनी नाक मुरडले. २००६ च्या अखेरीस नॅस या न्यूयॉर्कच्या बुजुर्गाने आपल्या अल्बमच्या नावातच हिप-हॉप मेल्याचे जाहीर केले, तेव्हा दक्षिणेतल्या अनेकांना तो आपल्यावरचा आरोप वाटला. फ्लोरिडाची अवस्था तर याहून विचित्र. मायामीच्या टू लाइव्ह क्रू या गटाचा अल्बम १९९० मध्ये एका संघीय न्यायाधीशाने चक्क अश्लील ठरवला. दोन वर्षांनी वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला. म्हणजे इतरांची चर्चा वृत्तपत्राच्या संगीत-पानावर, फ्लोरिडाची न्यायालयाच्या वार्तापत्रात. आणि फ्लोरिडा म्हटले की मायामी. पश्चिम किनाऱ्यावरच्या टॅम्पाचे नाव क्वचितच निघे.

भारतीय श्रोत्याला हा सगळा परिसर वाटतो तितका परका राहिलेला नाही. २०२४ मध्ये ‘बिग डॉग्ज’ या गाण्याने बिलबोर्डच्या शंभरांत शिरलेला हनुमानकाइंड जन्माने केरळचा, राहायला बेंगळूरुत, पण वाढला ह्यूस्टनमध्ये. त्याच्या उच्चारातला जड, ओढलेला ठसका तिथलाच आहे.

समीक्षकांना नेमके काय भावले?

पहिली गोष्ट जिभेची. डोची एका गाण्यात तीन-चार आवाजांत बोलते. ‘डिनायल इज अ रिव्हर’ हे गाणे एक संभाषण आहे. एका बाजूला डोची, दुसऱ्या बाजूला तिची उलटतपासणी घेणारी, समुपदेशकासारखी तिचीच दुसरी बाजू. प्रियकर कोणाबरोबर फसवत होता इथपासून टिकटॉकवर चालेल असे गाणे दे म्हणून मागे लागलेल्या कंपनीपर्यंत सगळे बाहेर येते. शेवटी श्वासाचा व्यायाम सुरू होतो आणि तो श्वासच ताल होतो. विनोदी आहे, आणि ऐकताना हसणे मध्येच घशात अडकते. गोष्ट सांगण्याची ही रीत ऐंशीच्या दशकातल्या स्लिक रिकसारख्या रॅपरांची आठवण करून देते, असे बहुतेकांनी लिहिले. ते बरोबर आहे. फक्त तिथे पुरुष सांगत आणि बाई गोष्टीतले पात्र असे. इथे सांगणारी बाई आहे आणि ती स्वतःलाही सोडत नाही.

दुसरी गोष्ट भूगोलाची. गाण्यांची नावेच पाहावीत. बेडूक, कॅटफिश मासा, काजवे; ‘डेथ रोल’ म्हणजे भक्ष्याचे लचके तोडण्यासाठी मगर पाण्यात जी गिरकी घेते ती. ‘बॉइल्ड पीनट्स’ म्हणजे उकडलेल्या शेंगा. दक्षिणेतल्या राज्यांत रस्त्याच्या कडेला मोठ्या पातेल्यात मिठाच्या पाण्यात उकळत ठेवलेल्या ओल्या शेंगा मिळतात. आपल्याकडे पावसाळा सरता सरता घराघरात जे होते तेच. न्यूयॉर्कच्या समीक्षकाला हा तपशील विदेशी वाटला असेल, सातारा-सांगलीच्या वाचकाला वाटू नये. फ्लोरिडात सरकारी अंदाजानुसार तेरा लाखांच्या आसपास ॲलिगेटर आहेत. गोल्फच्या मैदानावर, घरामागच्या तळ्यात, कुठेही. स्वतःला ‘दलदलीची राजकन्या’ म्हणवणाऱ्या डोचीने जखम आणि चिवटपणा या दोन्हींसाठी हाच प्राणी घेतला. शहराचे नाव नुसते घेणे वेगळे आणि तिथली हवा-पाणी भाषेत मुरवणे वेगळे. समीक्षकांनी हे दुसरे ओळखले.

तिसरी गोष्ट मात्र जरा अडचणीची आहे. मिक्सटेपमधल्या गाजलेल्या गाण्यांचा ताल दक्षिणेचा नाही. तो ‘बूम बॅप’ या नावाने ओळखला जाणारा, जाड ढोल आणि कडक टाळीचा, नव्वदच्या दशकातल्या न्यूयॉर्कचा ताल आहे. डोचीला याची जाणीव नाही असे नाही. ‘बूम बॅप’ याच नावाच्या गाण्यात ‘खरे रॅप करून दाखव’ म्हणणाऱ्यांची तिने यथेच्छ टर उडवली आहे. पण टर उडवण्यासाठी का होईना, ताल तोच वापरला आहे. ज्यांची कानाची घडण नव्वदच्या दशकात झाली अशा समीक्षकांना आणि ग्रॅमीच्या मतदारांना ही मिक्सटेप लगेच आपलीशी वाटली, याचे एक कारण हे आहे. घराण्यातली बंदिश ओळखीची असली की गाणाऱ्याच्या नव्या जागांना दाद देणे सोपे जाते.

दक्षिणेला हा पुरस्कार मिळालाच नाही असे अजिबात नाही. आउटकास्टला तो दोनदा मिळाला, २००४ मध्ये तर सर्व प्रकारांतल्या ‘अल्बम ऑफ द इयर’सह. लुडाक्रिस, लिल वेन यांना मिळाला, आणि २०२४ मध्ये अटलांटाच्या किलर माइकला. (त्या रात्री पुरस्कार घेऊन निघालेल्या माइकला पोलिसांनी सभागृहातूनच ताब्यात नेले होते.) पण गेली वीस वर्षे ज्या ‘ट्रॅप’ने जगभरच्या रॅपचा ताल ठरवला, मुंबईतल्या गल्लीत वाजणाऱ्या रॅपचाही, त्या ट्रॅपच्या टी.आय., जीझी, गुची मेन, फ्यूचर, मिगोस या नायकांपैकी एकाच्याही नावावर ‘बेस्ट रॅप अल्बम’ नाही. २०२५ मध्ये फ्यूचर स्पर्धेत होता. हरला. डोचीचे काम त्याच्यापेक्षा सरस आहे असे अनेकांचे प्रामाणिक मत आहे आणि ते मान्य करता येते. तरी ट्रॅप दर वेळी हरतो, हे केवळ गुणवत्तेने समजावून सांगता येत नाही.

चाहत्यांचे म्हणणे काय?

‘चाहते’ असा एक गट नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवे. किमान तीन आहेत.

‘यकी ब्लकी’पासूनचे जुने श्रोते आहेत. त्यांना मिक्सटेप म्हणजे आपली माणूस परत मिळाल्यासारखी वाटली. ‘व्हॉट इट इज’ त्यांना फारसे रुचले नव्हते. इथे एक गंमत आहे. त्या गाण्याचा पाया ट्रिलव्हिल या अटलांटाच्या क्रंक गटाच्या जुन्या गाण्यावर होता आणि त्यात अटलांटाच्याच टीएलसी या त्रयीच्या गाण्याची उचल होती. म्हणजे कंपनीला हवे असलेले बाजारू गाणे तालाने अस्सल दक्षिणी होते, आणि कलाकाराने मनापासून केलेली मिक्सटेप तालाने न्यूयॉर्कची निघाली. दक्षिण तालात असते की जिभेत, असा प्रश्न या चाहत्यांमध्ये चघळला जातो तो त्यामुळे. टॅम्पाच्या रस्त्यावरच्या वेगवान नाचगाण्यांची परंपरा जाणणाऱ्या काहींची तक्रार आहे की त्या नाचाचा धक्का एकोणीस गाण्यांत पुरेसा नाही. तक्रार रास्त आहे.

दुसरे आहेत डिसेंबरनंतर आलेले. त्यांनी कोल्बेरच्या मंचावरच्या वेण्या पाहिल्या, ‘टायनी डेस्क’ पाहिले आणि मग मिक्सटेप उघडली. यांना पहिली पंधरा-वीस मिनिटे तोंडपाठ असतात, पुढचे फारसे आठवत नाही. आणि खरे सांगायचे तर मिक्सटेपचा उत्तरार्ध, विशेषतः गाण्याकडे झुकलेला संथ भाग, पूर्वार्धाइतका धारदार नाहीच. काही समीक्षकांनी ही बाब ‘व्याप्ती’ या शब्दाखाली झाकली. सामान्य श्रोत्याने ते सरळ ‘मध्येच कंटाळा येतो’ असे सांगितले. इथे श्रोता अधिक प्रामाणिक ठरतो. एकोणीसपैकी चार-पाच गाणी गाळली असती तर काही बिघडले नसते. पण मग ती मिक्सटेप राहिली नसती, असाही बचाव आहे.

तिसरा गट विरोधकांचा. यांच्या लेखी हे ‘नाटकवाल्या मुलांचे रॅप’ आहे. उच्चार फार स्वच्छ, चेहऱ्यावरचे हावभाव फार, कपडे फार विचारपूर्वक निवडलेले. अस्सल दक्षिणी रॅपर असा नसतो, असा त्यांचा सूर असतो. यात स्त्रीद्वेषाचा भाग किती हे वेगळे सांगायला नको. डोची आपली लैंगिक ओळख लपवत नाही, त्यामुळे तिच्याविरुद्धच्या शेऱ्यांना आणखी एक धार येते. हीच अंगे आंद्रेमध्ये होती. त्याचे भडक विग, परीटघडीचे सूट आणि नाटकीपणा यांना प्रतिभा म्हटले गेले. अर्थात ते म्हणायलाही बरीच वर्षे लागली.

ती ‘पेरलेली’ कलाकार आहे का?

‘इंडस्ट्री प्लांट’ ही अमेरिकी समाजमाध्यमांवरची सध्याची सगळ्यात सोपी शिवी. कंपनीने आतून पैसा ओतून उभी केलेली, पण आपोआप वर आल्याचा आव आणणारी व्यक्ती, असा तिचा अर्थ. डिसेंबरपासून डोची सगळीकडे दिसू लागली तशी ही शिवीही दिसू लागली. आरोप करणाऱ्यांकडे एक मुद्दा आहे. २०२५ च्या ग्रॅमीसाठीची पात्रता मुदत ३० ऑगस्ट २०२४ रोजी संपत होती आणि मिक्सटेप नेमकी त्याच दिवशी आली. हा योगायोग नसावा. टीडीई आणि कॅपिटल या कंपन्यांत तारखा सांभाळणारी माणसे पगारावर असतात.

पण तारीख साधणे आणि माणूस पेरणे यांत फरक आहे. करार होऊन अडीच वर्षे झाली तरी जिची मिक्सटेप शंभराच्या बाहेर सुरू होते तिला पेरणाऱ्यांनी पैसे वाया घालवले असेच म्हणावे लागेल. पुरस्कारानंतर लोकांनी तिचे जुने व्हिडीओ उकरून काढले. त्यात नोकरीवरून काढून टाकल्यानंतर कॅमेऱ्यासमोर बसून आता पुढे काय करायचे याची यादी करणारी एक मुलगी दिसते. तो व्हिडीओ पाहून बऱ्याच जणांचा आवाज खाली आला. केंड्रिक लामारने तिला जाहीर दाद दिली होती, तिचा या वादात मात्र दोन्ही बाजूंनी उपयोग झाला. समर्थक म्हणतात, पाहा, सर्वश्रेष्ठाने पसंतीची मोहोर दिली. विरोधक म्हणतात, जुन्या कंपनीचे ऋण फेडले.

या शिवीचा खरा त्रास वेगळाच आहे. ती पुरुष रॅपरांना फार कमी वेळा दिली जाते. ‘बेस्ट रॅप अल्बम’चा इतिहास पाहिला तर स्त्रीचे यश लोकांना संशयास्पद का वाटते याचा अंदाज येतो. ते त्यांनी फारसे पाहिलेलेच नाही. १९९७ मध्ये फ्यूजीज या त्रयीची सदस्य म्हणून लॉरिन हिल, २०१९ मध्ये कार्डी बी, आणि आता डोची. संपली यादी. लॉरिन हिलच्या स्वतंत्र अल्बमने १९९९ मध्ये ‘अल्बम ऑफ द इयर’ जिंकला खरा, पण तेव्हा त्याची नोंद ‘आर अँड बी’ गटात झाली होती. पुरस्कार स्वीकारताना डोचीने हीच नावे घेतली. हा गट १९८९ पासून असल्याचे ती म्हणाली, ते थोडे चुकले. रॅपसाठी ग्रॅमी १९८९ मध्ये सुरू झाले, अल्बमचा स्वतंत्र गट १९९६ मध्ये. तिच्या हाती पुरस्कार देणारी कार्डी बीच होती.

टॅम्पाच्या पदरात काय?

स्वीकाराच्या भाषणातला समाजमाध्यमांवर कमी फिरलेला भाग टॅम्पाबद्दलचा होता. दक्षिणेतले रॅप शोधायचे तर सगळे सरळ अटलांटाला जातात, टॅम्पातही गुणी माणसे आहेत, कंपन्यांनी तिकडे जावे, असे तिने सांगितले. भावनेच्या भरात केलेले आवाहन म्हणून ते सोडून देता येईल, पण त्यामागे रोकडे अर्थकारण आहे. अटलांटात स्टुडिओ, वकील, व्यवस्थापक, रेडिओवाले, नाइट क्लबचे डीजे अशी पूर्ण साखळी तीन दशकांत उभी राहिली. मिक्सटेपने ती उभी करायला मदत केली. डीजे ड्रामासारख्याच्या टेपवर जागा मिळाली की शेजारच्या चार राज्यांत नाव होत असे. टॅम्पाचा कलाकार वर यायचा तो गाव सोडून. २००२ मध्ये टॅम्पात वाढलेल्या खाया या रॅपरचे एक गाणे जगभर वाजले, आजही वाजते. पण त्या गाण्यामागोमाग टॅम्पात कंपन्यांची कार्यालये आली नाहीत. डोचीही लॉस एंजेलिसच्या कंपनीच्या छत्राखालीच मोठी झाली.

स्ट्रीमिंगमुळे गाव सोडण्याची गरज उरली नाही, असे सांगितले जाते. गाणे टाकायला ती उरलेली नाही, हे खरे. पण ज्या दोन घटनांनी या मिक्सटेपचे नशीब पालटले त्या न्यूयॉर्कच्या दूरचित्रवाणी स्टुडिओत आणि वॉशिंग्टनच्या रेडिओ कार्यालयात घडल्या. तिथवर पोहोचवणारा माणूस कंपनीतच बसलेला असतो. टॅम्पाच्या एखाद्या खोलीत आज मिक्सटेप भरत असलेल्या मुलाला किंवा मुलीला ‘टायनी डेस्क’चा ईमेल कोण पाठवणार?

फेब्रुवारी २०२५ मध्ये डोचीचा पहिला रीतसर अल्बम अजून यायचा होता. कंपनीला त्यात ‘व्हॉट इट इज’सारखे गाणे हवे असणार, समीक्षकांना आणखी बूम बॅप, आणि टॅम्पातल्या जुन्या श्रोत्यांना तो राहून गेलेला नाचाचा धक्का. ग्रॅमीच्या मंचावर त्या रात्री तिने सादरीकरणासाठी ‘कॅटफिश’ आणि ‘डिनायल इज अ रिव्हर’ ही दोन गाणी निवडली. पैकी पहिल्यात तिचा आवाज चढतो, गती वाढते, आणि टॅम्पावाल्यांना जे हवे आहे ते काही क्षण तरी ऐकू येते.